लिनक्सवरील अ‍ॅटॉमिक राइट: फाटलेले पान खरोखर पकडू शकेल अशी चाचणी कशी रचावी?

विदापाल (सोमवार, रात्री ९:१०)

आमच्याकडील व्यवहारांचा विदासंच इनोडीबीवर, म्हणजे मायएसक्यूएलच्या साठवण इंजिनावर, चालतो. इनोडीबीचे पान १६ केबीचे असते आणि डिस्क मात्र ५१२ बाइट किंवा ४ केबीच्या ब्लॉकांत विचार करते. पान लिहीत असताना वीज गेली तर अर्धे नवे आणि अर्धे जुने असे फाटलेले पान शिल्लक राहू शकते. ते टाळण्यासाठी प्रत्येक पान आधी डबलराइट बफरमध्ये आणि मग मूळ जागी असे दोनदा लिहिले जाते. हा दुहेरी खर्च वाचवावा, असा वरिष्ठांचा आग्रह आहे.

माझी समजूत अशी आहे. कर्नल ६.११मध्ये आरडब्ल्यूएफ-अ‍ॅटॉमिक हा फ्लॅग (लेखन पूर्ण होईल किंवा मुळीच होणार नाही, म्हणजे अखंड राहील, अशी मागणी करणारी खूण) थेट ब्लॉक डिव्हाइससाठी आला, ६.१३मध्ये ईएक्सटी४ आणि एक्सएफएस यांना फाइलसिस्टिमच्या एका ब्लॉकापुरता आधार मिळाला आणि ६.१६मध्ये दोन्हींमध्ये अनेक ब्लॉकांचे अखंड लेखन शक्य झाले. चाचणी सर्व्हरवर ६.१६ आहे, फाइलसिस्टिम एक्सएफएस आहे आणि स्टॅटेक्सला (फाइलची माहिती देणाऱ्या सिस्टिम कॉलला) विचारल्यास १६ केबी मर्यादेत बसत असल्याचे उत्तर मिळते. एफआयओ या लेखन-वाचनाच्या चाचणी साधनामध्ये अ‍ॅटॉमिक पर्याय चालू करून, १६ केबीचे यादृच्छिक लेखन आणि सीआरसी (मजकुरावरून काढलेला तपासणी-अंक) पडताळणी अशी चाचणी रात्रभर चालवली. एकही चूक आढळली नाही.

प्रश्न असा की, एवढ्यावर डबलराइट बंद करावे का? आणि नसेल, तर कोणती चाचणी पुरेशी मानावी?

जुना_कर्नलकर (सोमवार, रात्री ९:३४)

रात्रभर वीज गेली होती का? गेली नसेल, तर तुम्ही वीज गेल्यावर काय होते याची चाचणी वीज न घालवता केलेली आहे.

बिनतारी (सोमवार, रात्री ९:४०)

आमच्या गावी या. तेथील वीज कंपनी ही चाचणी दिवसातून अनेकदा आणि विनामूल्य करून देते.

सेक्टरवाली (सोमवार, रात्री १०:२५)

जुना_कर्नलकर यांनी जे एका ओळीत म्हटले आहे ते थोडे उलगडते, कारण येथे दोन वेगळ्या हमींची सरमिसळ होत आहे.

एनव्हीएमई (एसएसडीशी बोलण्याची पद्धत) या मानकात दोन वेगळे आकडे असतात. एडब्ल्यूयूएन हा आकडा चालू अवस्थेतील एकमेकांवर पडणाऱ्या आज्ञांबाबत आहे: दोन लेखने एकाच जागी आली, किंवा एक लेखन व एक वाचन एकत्र आले, तर त्यांची भेसळ किती आकारापर्यंत होणार नाही, हे तो सांगतो. एडब्ल्यूयूपीएफ हा आकडा वीज जाण्याबाबत आहे. लिनक्सचा अ‍ॅटॉमिक राइटचा आधार या दुसऱ्या आकड्यावर, किंवा नेमस्पेसने (डिस्कच्या एका स्वतंत्र भागाने) स्वतःचा वेगळा आकडा दिला असल्यास त्यावर, उभा आहे. एफआयओची तुमची चाचणी फार तर पहिल्या हमीला स्पर्श करते, आणि तुम्हाला हवी आहे ती दुसरी.

हे आकडे वाचताना एक पथ्य पाळावे. ते बाइटमध्ये नसून लॉजिकल ब्लॉकमध्ये असतात आणि मोजणी शून्यापासून होते. ५१२ बाइटच्या फॉरमॅटवर ३१ दिसले, तर त्याचा अर्थ ३२ ब्लॉक, म्हणजे बरोबर १६ केबी. शून्य दिसले तर एकच ब्लॉक. घरगुती एसएसडींवर हे शून्य पुष्कळदा दिसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एनव्हीएमईमध्ये अखंड लेखनाची वेगळी आज्ञाच नाही. मर्यादेत बसणारे प्रत्येक लेखन आपोआप अखंड मानले जाते. स्कसी या दुसऱ्या डिस्क-मानकामध्ये त्यासाठी राइट अ‍ॅटॉमिक ही स्वतंत्र आज्ञा आहे आणि ती पाळता आली नाही तर डिस्क नकार देऊ शकते. एनव्हीएमईवर डिस्कने दिलेला आकडा कर्नल प्रमाण मानतो आणि लेखन त्या मर्यादेबाहेर जाऊ नये एवढीच काळजी घेतो. डिस्कचा शब्द खरा आहे की नाही, हे कर्नल तपासत नाही.

विदापाल (सोमवार, रात्री १०:५२)

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. म्हणजे तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात, असे मला दिसते: कर्नलने लेखन मध्येच तोडले नाही ना, फाइलसिस्टिमने तोडले नाही ना, आणि डिस्कने वीज गेल्यावर शब्द पाळला का. एकाच चाचणीत हे तिन्ही होईल का?

सेक्टरवाली (सोमवार, रात्री ११:०५)

होणार नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. तिन्ही एकत्र तपासल्यास चूक सापडल्यावर ती कोणाची, हे कळणार नाही.

अर्धविराम (मंगळवार, सकाळी ७:१५)

पहिल्या दोन गोष्टींसाठी नवे काही लिहिण्याची गरज नाही. फाइलसिस्टिम तपासणाऱ्या एफएसटेस्ट्स या संचात अ‍ॅटॉमिक राइटचा वेगळा गट आहे. जेनेरिक/७६५ ही त्यातील मूळ चाचणी होय. स्टॅटेक्सचे आकडे डिस्कच्या आकड्यांशी जुळतात का, मर्यादेतील लेखन यशस्वी होते का आणि मर्यादेबाहेरचे लेखन नाकारले जाते का, हे ती पाहते. पुढे त्यात एफआयओवर आधारलेल्या पडताळण्या, एफएसएक्स या साधनाने केलेला यादृच्छिक क्रियांचा भडिमार आणि फाइलसिस्टिम अचानक बंद पाडून पाहण्याच्या चाचण्याही आल्या.

नाकारण्याची बाजू लोक तपासतच नाहीत, आणि माझ्या मते तीच अधिक बोलकी असते. लेखनाची लांबी दोनच्या घातात नसेल, किंवा फाइलमधील स्थान त्या लांबीच्या पटीत नसेल, तर कर्नलने ‘ईइन्व्हॅल’ (अयोग्य मागणी) ही त्रुटी दिलीच पाहिजे. फाइल डायरेक्ट आयओने (कर्नलचा स्मृतीतला साठा टाळून) उघडलेली नसेल, तर ‘आधार नाही’ अशी त्रुटी आली पाहिजे. १२ केबीचे अ‍ॅटॉमिक लेखन तुमच्याकडे निमूटपणे यशस्वी होत असेल, तर फ्लॅग खालपर्यंत पोहोचतच नाही, असे समजावे. जुने लायब्ररी आवरण किंवा मधला एखादा थर तो गाळून टाकत असतो.

हाताशी योग्य डिस्क नसेल, तर स्कसी-डीबग हे मॉड्यूल स्मृतीत एक खोटी डिस्क उभी करते आणि अ‍ॅटॉमिक आज्ञेचे अनुकरणही करते. आभासी यंत्र चालवणाऱ्या क्यूएमूच्या एनव्हीएमई अनुकरणातही हे आकडे ठरवता येतात. वीज जाण्याची चाचणी यांवर अर्थातच होत नाही.

बिनतारी (मंगळवार, सकाळी ८:०२)

क्यूएमूची प्रक्रिया किल-९ने मारली की आभासी यंत्राची वीज गेलीच की.

अर्धविराम (मंगळवार, सकाळी ८:२०)

आभासी यंत्राची गेली, पण यजमानाची गेली नाही. पाहुण्याने लिहिलेले जे यजमानाच्या पेज कॅशमध्ये (कर्नलच्या स्मृतीतल्या साठ्यात) पोहोचले होते ते सुखरूप राहते आणि पुढे नीट डिस्कवर जाते. अशा चाचणीत जर्नलच्या काही चुका सापडतात. डिस्कने पान फाडले का, याबद्दल मात्र ती अक्षरही सांगत नाही.

उंबरठा (मंगळवार, सकाळी ९:४७)

डिव्हाइस मॅपरमधील (डिस्क आणि फाइलसिस्टिम यांच्या मधल्या थरातील) लॉग-राइट्स कोणी सुचवण्याआधीच लिहून ठेवतो. त्याने प्रत्येक लेखनाची नोंद होते आणि नंतर हव्या त्या क्षणापर्यंत ती पुन्हा वाजवून पाहता येते. साधन उत्तम आहे. पण येथे दोन अडचणी आहेत. एक, नोंदीचा घटक म्हणजे एक अख्खी विनंती असते. विनंतीच्या पोटात लेखन फाटणे त्यात दिसूच शकत नाही; फाइलसिस्टिमने एका पानाच्या दोन विनंत्या केल्या असतील तर तेवढे मात्र लख्ख दिसते. दोन, डिव्हाइस मॅपरच्या सगळ्या प्रकारांतून अ‍ॅटॉमिक आधार वर झिरपत नाही. तो लिनिअर, स्ट्राइप आणि मिरर या प्रकारांना मिळाला. मध्ये लॉग-राइट्स घातले, की खालच्या डिस्कची क्षमता वरच्या फाइलसिस्टिमला दिसेनाशी होते.

विदापाल यांनी हेही तपासावे की, त्यांच्या उत्पादन सर्व्हरवर डिस्क आणि फाइलसिस्टिम यांच्यामध्ये काय काय आहे. साधे एलव्हीएम असेल तर ठीक. एन्क्रिप्शनचा थर किंवा रेड ५ (अनेक डिस्क जोडण्याचा एक प्रकार) असेल, तर डिस्कपर्यंत जाणारा मार्ग तेथेच संपला. रेड ०, १ आणि १० यांना आधार मिळाला आहे, पण स्ट्राइपच्या तुकड्याचा आकार त्यात आड येऊ शकतो.

ओसरी (मंगळवार, सकाळी ११:३०)

एक भाबडा प्रश्न विचारते. आम्ही पोस्टग्रेसवाले आहोत. आमचे पान ८ केबीचे असते आणि आम्ही फुल-पेज-राइट्सचा (पूर्ण पान लॉगमध्येही लिहिण्याचा) भार सोसतो. हा धागा आम्हाला लागू आहे का?

सेक्टरवाली (मंगळवार, दुपारी १२:१०)

प्रश्न भाबडा अजिबात नाही. पोस्टग्रेस नेहमीच्या मांडणीत पेज कॅशमधून लिहिते आणि आजचा अ‍ॅटॉमिक आधार केवळ डायरेक्ट आयओसाठी आहे. बफरमधून जाणारे लेखन अखंड ठेवायचे, तर पान केव्हा आणि कोणाबरोबर डिस्कवर जाईल याचाही हिशेब कर्नलला ठेवावा लागेल, आणि त्यावर कर्नलच्या मंडळींत बराच खल चाललेला आहे. पोस्टग्रेस १६पासून डायरेक्ट आयओचा एक पर्याय आहे, पण त्याच्या नावातच डीबग आहे. तुम्ही फुल-पेज-राइट्स चालूच ठेवावे.

जुना_कर्नलकर (मंगळवार, दुपारी १:०५)

थोडा इतिहास सांगतो, कारण ‘हे सगळे नवे आहे’ असा सूर दिसतो आहे. फ्यूजन-आयओच्या कार्डांवर अखंड लेखनाची सोय होती आणि मारियाडीबी ती वापरून डबलराइट टाळत असे. एफ२एफएस या फाइलसिस्टिममध्ये स्वतंत्र आयओसीटीएलने (कर्नलला दिलेल्या खास आज्ञेने) अनेक लेखने एकत्र पक्की करता येतात, आणि एसक्यूलाइटने २०१७च्या ३.२१.० या आवृत्तीपासून त्याचा लाभ घेतला. झेडएफएसवर रेकॉर्डचा आकार १६ केबी ठेवून डबलराइट बंद करणारे लोकही जुनेच आहेत. तेथे जुन्या जागेवर लिहिलेच जात नाही, म्हणून पान फाटण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

पूर्वी प्रत्येक विक्रेत्याची सोय निराळी आणि कार्ड बदलले की सगळे पुन्हा मांडायचे, असा प्रकार होता. ओरॅकलच्या जॉन गॅरी यांनी जो खटाटोप केला त्यातून स्टॅटेक्समध्ये विचारा, फ्लॅग लावून लिहा आणि जमत नसेल तर स्पष्ट नकार घ्या, असा एकच सार्वत्रिक करार तयार झाला. पण करार झाला म्हणजे सर्व पक्ष तो पाळतातच, असे नव्हे. म्हणून मी विचारतो: डबलराइटचा खर्च तुम्ही मोजला आहे का? नव्या मायएसक्यूएलमध्ये डबलराइट स्वतंत्र फाइलींमध्ये आणि गठ्ठ्याने होते. हा आटापिटा कशासाठी?

विदापाल (मंगळवार, दुपारी २:२०)

खर्च मोजला आहे. वेगापेक्षाही डिस्कच्या झिजेची चिंता अधिक आहे, कारण लेखनाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते आणि डिस्कची हमी एकूण लिहिलेल्या बाइटांवर ठरलेली असते. आपला ‘कशासाठी’ हा प्रश्न तरीही मान्य आहे; म्हणूनच तर धागा काढला.

उंबरठा (मंगळवार, दुपारी ३:०८)

विदापाल, तुमच्या मूळ लेखात ‘स्टॅटेक्सला विचारल्यास १६ केबी मर्यादेत बसते’ असे आहे. त्या एका वाक्याकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले. तुमची फाइलसिस्टिम एक्सएफएस आहे आणि कर्नल ६.१६ आहे. या जोडीवर ते उत्तर डिस्कबद्दल काहीच सांगत नसेल, अशी शक्यता आहे.

ईएक्सटी४मध्ये कमाल मर्यादा ही डिस्कची मर्यादा आणि क्लस्टरचा (एकत्र दिल्या जाणाऱ्या ब्लॉकांच्या गटाचा) आकार यांतील लहान संख्या असते. नेहमीच्या ४ केबी पेजच्या यंत्रावर १६ केबी हवे असतील, तर फाइलसिस्टिम बनवतानाच बिगअलॉक (मोठ्या क्लस्टरांत जागा देण्याची सोय) आणि १६ केबीचा क्लस्टर मागावा लागतो. डिस्क सक्षम नसेल तर ईएक्सटी४ सरळ नाही म्हणते.

एक्सएफएसने वेगळा रस्ता धरला. आधी ‘फोर्सअलाइन’ नावाने फाइलचे एक्स्टेंट (सलग ब्लॉकांचे पट्टे) सक्तीने जुळवून ठेवण्याचा प्रस्ताव होता; त्यावर बरेच वाद झाले आणि तो मागे पडला. ६.१६मध्ये जे आले ते असे आहे: शक्य असेल तर लेखन एकाच विनंतीने डिस्ककडे सोपवायचे. एक्स्टेंट तुटक असेल, जुळत नसेल किंवा डिस्कचा आधार नसेल, तर नवा मजकूर दुसऱ्या मोकळ्या जागी लिहायचा आणि मग नकाशातील सगळे बदल एकाच व्यवहारात पक्के करायचे. त्यासाठी रीफ्लिंक (फाइलींनी ब्लॉक सामायिक ठेवण्याची सोय) चालू असले पाहिजे. हमी दोन्ही मार्गांनी मिळते, पण दुसऱ्या मार्गात ती डिस्कच्या आकड्यावर नव्हे, तर एक्सएफएसच्या जर्नलवर उभी असते. म्हणूनच ६.१६पासून स्टॅटेक्समध्ये आणखी एक क्षेत्र आले: कोणत्या आकारापर्यंत लेखन जलद मार्गाने होईल, हे ते सांगते. त्यात शून्य दिसले तर ते कमाल मर्यादेइतकेच समजायचे असते, हे ध्यानात ठेवा, नाहीतर उलटाच अर्थ काढाल. डिस्कबद्दल खात्री करायची, तर सिसफ्समधील (कर्नलची माहिती दाखवणाऱ्या आभासी फाइलींमधील) त्या डिस्कच्या क्यू निर्देशिकेत अ‍ॅटॉमिक राइटचे कमाल एकक पाहा. तेथे शून्य असेल, तर विषय संपला.

विदापाल (मंगळवार, सायंकाळी ५:४१)

पाहिले. एका सर्व्हरच्या डिस्कवर १६,३८४ आहे आणि दुसऱ्याच्या डिस्कवर शून्य. स्टॅटेक्सने दोन्हीकडे १६ केबी चालतील असेच सांगितले होते. माझी रात्रभराची चाचणी शून्य असलेल्या सर्व्हरवर झाली.

चालत्या लेखनात कोणता मार्ग वापरला गेला, हे कळण्याची काही सोय आहे का?

उंबरठा (मंगळवार, सायंकाळी ६:१५)

सोय आहे आणि त्यासाठी विशेष साधनही लागत नाही. फाइल आधी पूर्ण लिहून घ्या आणि सिंक करा. मग फाइलफ्रॅगने तिचा भौतिक पत्ता पाहून ठेवा. ठरलेल्या एका १६ केबीच्या जागी अ‍ॅटॉमिक लेखन करा, पुन्हा सिंक करा आणि पत्ता पुन्हा पाहा. पत्ता तोच असेल तर लेखन जागच्या जागी, म्हणजे डिस्कच्या भरवशावर झाले. पत्ता बदलला असेल तर कॉपी-ऑन-राइटने, म्हणजे नव्या जागी लिहून, झाले.

हे केवळ सलग फाइलवर करून थांबू नका. मुद्दाम वाईट फाइल तयार करा: एक ब्लॉक लिहिलेला, एक पोकळ, एक राखलेला पण न लिहिलेला, अशी पट्टेरी रचना असलेली. मग त्यावर १६ केबी लिहा. एक्सएफएस येथे दुसऱ्या मार्गाला वळेल. बिगअलॉकच्या ईएक्सटी४वर असा मिश्र तुकडा आधी शून्यांनी भरून एकसंध केला जातो आणि मग लेखन होते, म्हणून पहिले लेखन संथ वाटेल. फाइलसिस्टिमच्या चुका असल्याच, तर त्या अशाच जागी दबा धरून बसलेल्या असतात. सरळ, सलग, भरलेल्या फाइलवर सगळेच शहाणे असतात.

सेक्टरवाली (मंगळवार, रात्री ९:०३)

आता राहिली तिसरी गोष्ट: वीज घालवणे. यावर माझे एक ठाम मत आहे. फाटलेले पान जी चाचणी मुळात दाखवू शकत नाही, तिने ‘एकही पान फाटले नाही’ असे सांगणे निरर्थक आहे. म्हणून आधी त्याच यंत्रणेवर, त्याच डिस्कवर, हमी नसलेले लेखन फाडून दाखवावे आणि मगच हमी असलेल्या लेखनाकडे वळावे.

कृती अशी. १६ केबीचे पान म्हणजे ५१२ बाइटचे ३२ सेक्टर. प्रत्येक सेक्टरच्या आरंभी चार गोष्टी लिहा: पानाचा क्रमांक, त्या पानाच्या लेखनाचा वाढता अनुक्रमांक, पानातील त्या सेक्टरचे स्थान आणि सेक्टरपुरती सीआरसी. उरलेली जागा यादृच्छिक बाइटांनी भरा, कारण सगळीकडे शून्ये असतील तर काही कंट्रोलर ती आवळून ठेवतात आणि आपण भलतीच गोष्ट तपासत राहतो. लेखन चालू असताना, पक्के झालेले अनुक्रमांक दुसऱ्या यंत्राकडे नेटवर्कने पाठवत राहा. मग वीज तोडा. यंत्र परत उठल्यावर प्रत्येक पानातील ३२ सेक्टरांवर एकच अनुक्रमांक आहे का, ते पाहा. काही सेक्टरांवर ४११७ आणि काहींवर ४११६ दिसले, तर पान फाटले.

दुसरी तपासणी वेगळी ठेवा: दुसऱ्या यंत्राकडे ज्या अनुक्रमांकाची पोच आहे, त्याहून जुना अनुक्रमांक डिस्कवर सापडता कामा नये. अखंडता आणि टिकाऊपणा या दोन निराळ्या हमी आहेत. आरडब्ल्यूएफ-अ‍ॅटॉमिक केवळ पहिली देतो. दुसरीसाठी ओ-डीसिंक किंवा एफडेटासिंक लागतेच. पान संपूर्ण जुने राहिले, तरी अखंडतेची हमी पाळली गेली असेच म्हणावे लागते.

तुलनेसाठी, जाहीर मर्यादेहून मोठे पण एका आज्ञेत मावणारे, म्हणजे समजा १२८ केबीचे, साधे लेखन करून तीच यंत्रणा चालवा. त्यात एकही फाटके लेखन सापडत नसेल, तर तुमचा वीज तोडण्याचा प्रकार पुरेसा निर्दय नाही, किंवा डिस्कवरचे कपॅसिटर तिला वाचवत आहेत. दोन्ही स्थितींत १६ केबीच्या निष्कलंक निकालाला फारसे वजन देऊ नये.

बिनतारी (मंगळवार, रात्री ९:२२)

म्हणजे पुन्हा आमचे गाव. निर्दयतेत आम्ही कोणालाही हार जाणार नाही.

सेक्टरवाली (मंगळवार, रात्री ९:५०)

विनोद बाजूला ठेवून सांगते की, भिंतीवरचा प्लग ओढणे हा निर्दय प्रकार नव्हेच. पॉवर सप्लायमधील कपॅसिटर काही मिलिसेकंद पुरवठा टिकवून धरतात, आणि तेवढा वेळ एसएसडीच्या दृष्टीने फार मोठा असतो. यू.२ डिस्क असेल तर डिस्क आणि पुरवठा यांच्यामध्येच रिले बसवता येतो. सर्व्हरच्या बीएमसीमधून (दुरून नियंत्रण करणाऱ्या चिपमधून) सक्तीने वीज बंद करणे हा मधला आणि सोयीचा पर्याय आहे, कारण ते नेटवर्कवरून आपोआप, हव्या त्या क्षणी करता येते. तो क्षण यादृच्छिक असावा आणि तेव्हा लेखनाची रांग भरलेली असावी.

जुना_कर्नलकर (बुधवार, सकाळी ८:११)

हे सगळे उत्तम आहे आणि तरीही अपुरे आहे. एका डिस्कवर, एका फर्मवेअरवर शंभर वेळा वीज तोडली म्हणून एकशेएकाव्या वेळी पान फाटणार नाही, असे सिद्ध होत नाही. फर्मवेअर बदलले की सगळे पुन्हा करावे लागेल. चाचणी हमी खोटी पाडू शकते; खरी ठरवू शकत नाही.

सेक्टरवाली (बुधवार, सकाळी ८:४०)

हे पूर्णपणे मान्य आहे. तोच न्याय एफसिंकलाही लागू होतो आणि तरीही आपण सर्वजण एफसिंकवर विसंबून राहतो. विक्रेत्याचा लेखी आकडा आणि तो खोटा पाडण्याचा प्रामाणिक पण अयशस्वी प्रयत्न, या दोहोंपलीकडे साठवणुकीच्या क्षेत्रात आपल्या हाती कधी काही नसते.

अर्धविराम (बुधवार, सकाळी १०:२६)

सर्वांनी क्षमा करावी, पण मूळ प्रश्नाकडे परत येतो. विदापाल विचारतात की, डबलराइट बंद करावे का. आपण कर्नल पाहिला, फाइलसिस्टिम पाहिली आणि डिस्कही पाहिली. इनोडीबी स्वतः तो फ्लॅग लावून लिहिते का, हे कोणी पाहिले?

एफआयओ फ्लॅग लावते, कारण तुम्ही तिला तसे सांगितले. तुमच्या विदागाराची आवृत्ती जर साधेच १६ केबी लिहीत असेल, तर एक्सएफएसचा कॉपी-ऑन-राइट मार्ग तिच्यासाठी कधी उघडतच नाही आणि ‘तोडू नका, नाहीतर नकार द्या’ हा कर्नलचा करारही तिला लागू होत नाही. एस्ट्रेस (प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारे साधन) लावा. पीराइटव्ही२ दिसल्यास त्याचे शेवटचे मूल्य पाहा. आयओ-सबमिट दिसल्यास प्रत्येक विनंतीतील फ्लॅगचे क्षेत्र पाहा.

विदापाल (बुधवार, दुपारी ३:५५)

एस्ट्रेस लावला. आयओ-सबमिट दिसते, लांबी १६,३८४ आहे आणि आमच्या आवृत्तीत फ्लॅगचे क्षेत्र रिकामे आहे.

बिनतारी (बुधवार, दुपारी ३:५८)

रात्रभर वऱ्हाड नाचले, आणि नवरदेव आलेलाच नव्हता.

उंबरठा (बुधवार, सायंकाळी ४:३०)

तरीही दार पूर्ण बंद झालेले नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर १६ केबीपर्यंत लेखन फाटू न देण्याची जी सोय आहे, ती वापरणारे लोक फ्लॅगशिवायच काम भागवतात. तेथे ईएक्सटी४ला बिगअलॉक आणि १६ केबीचा क्लस्टर देतात, विदागार डायरेक्ट आयओवर ठेवतात आणि मग डबलराइट बंद करतात. क्लस्टर सलग आणि जुळलेला असल्यामुळे फाइलसिस्टिमला पान तोडण्याचे कारण उरत नाही, आणि एनव्हीएमईवर मर्यादेतले लेखन तसेही अखंडच असते.

फरक एवढाच आहे की, या मांडणीत काही बिनसले तर नकार मिळत नाही. उद्या कोणी क्यूची कमाल विनंती-मर्यादा खाली आणली किंवा मधे एखादा थर घातला, तर १६ केबीच्या दोन विनंत्या होतील आणि कोणाला कळणारही नाही. फ्लॅगचे खरे मोल या नकारात आहे. या वाटेने जायचे असेल, तर ब्लॉक थरातील ट्रेसपॉइंट चालू करून डिस्ककडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीची लांबी पाहा. विदागाराच्या फाइलींकडे जाणारी ८ सेक्टरांची एखादी जरी विनंती दिसली, तरी थांबा. अनेक पाने जोडून झालेल्या मोठ्या विनंत्यांकडेही दुर्लक्ष करू नका. विलीन झालेली साधी विनंती डिस्कच्या मर्यादेहून मोठी झाली, तर तिला हमी उरत नाही. फ्लॅग असलेल्या विनंत्यांच्या बाबतीत मर्यादा ओलांडणारे विलीनीकरण कर्नल होऊ देत नाही.

ओसरी (बुधवार, सायंकाळी ५:०२)

हा विलीनीकरणाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नसता. म्हणजे शेजारची दोन पाने एकाच वेळी लिहायला आली आणि त्यांची ३२ केबीची एक विनंती झाली, तर १६ केबीची हमी दोन्ही पानांची जाते?

उंबरठा (बुधवार, सायंकाळी ५:२०)

मानकाप्रमाणे जाते. व्यवहारात डिस्क कदाचित दोन्ही पाने नीट लिहील, पण ‘कदाचित’साठी कोणी डबलराइट बंद करत नाही. त्या क्यूचे विलीनीकरण सिसफ्समधून पूर्ण बंद करता येते. फ्लॅगशिवाय जाणाऱ्यांनी ते करावेच, असे माझे मत आहे.

विदापाल (गुरुवार, सकाळी ९:३०)

आमचा निर्णय कळवतो. डबलराइट चालूच राहील. डिस्कवर १६,३८४ दाखवणाऱ्या सर्व्हरवर सेक्टरवाली यांच्या पद्धतीने बीएमसीमधून वीज तोडण्याची चाचणी लावतो आहोत, १२८ केबीच्या तुलनेसकट. फ्लॅग लावून लिहिणारी विदागाराची आवृत्ती आमच्यापर्यंत आली, की एस्ट्रेसपासून सुरुवात करून हाच क्रम पुन्हा करू. झिजेचा प्रश्न तूर्तास डबलराइटच्या फाइली वेगळ्या डिस्कवर हलवून सोडवत आहोत. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी निर्देशिका ठरवता येते.

सेक्टरवाली, ३२ सेक्टरांवर शिक्के मारणारा आपला प्रोग्रॅम येथे देता येईल का?

सेक्टरवाली (गुरुवार, सकाळी १०:१४)

देते. त्याचा पडताळणीचा भाग पानाचा आकार १६ केबीच आहे, असे गृहीत धरतो. ओसरी यांना ८ केबीसाठी वापरायचा असल्यास सेक्टरांची संख्या १६ करावी लागेल. आणि एक सूचना: पहिल्यांदा चालवताना डिस्कचे नाव दोनदा वाचा, कारण तो फाइल नसली तर थेट ब्लॉक डिव्हाइसवरही लिहितो आणि काहीही विचारत नाही.